आतली कड

माणसाशी ओळख करून घ्यायची काकांची रीत एकच होती. समोरचा नमस्काराला हात जोडायचा आणि हे खाली उकिडवे बसून त्याच्या गाडीच्या चाकामागे हात घालायचे. तळवा टायरवरून एकदा बाहेरून आत फिरवायचा, एकदा आतून बाहेर. मग उठायचं, धोतराची धूळ झटकायची आणि त्या माणसाला त्याच्याबद्दल असं काहीतरी सांगायचं, जे त्याला ऐकायचं नसायचं.

ते माझे घरमालक. राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत मी. जवळच्याच एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायचो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, मटण शिजवणार का हेही विचारलं नाही. घरमालक असून.

"पावणं, गाडी हाय?"

"स्कूटर आहे."

"दावा."

स्कूटरच्या दोन्ही टायरवरून त्यांनी हात फिरवला. "मधनं झिजलंय, कडा कोऱ्या हाईत. वळणावर गाडी वाकवत न्हाईस. घाबरट हाईस." मी काही बोलायच्या आत त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "खोली दिली गं ह्याला. दंगा करणार न्हाय."

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण काकांकडे त्याचा नियम होता. टायरला हात लागेपर्यंत माणूस पावणं, आणि एकदा हात लागला की गड्या. मग तो डॉक्टर असो की भाजीवाला. मी अर्ध्या मिनिटात पावण्याचा गड्या झालो. घाबरट ठरल्याचा राग आला होता, पण खोली चांगली होती आणि खरं सांगायचं तर निदानही चुकलेलं नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी हायवेच्या बाजूला अलाइनमेंटचं दुकान चालवलं. गाडीची चारही चाकं एकमेकांशी सरळ आहेत का ते बघायचं आणि नसतील तर सरळ करायची, एवढंच काम. ते काम त्यांनी दोरी लावून केलं. गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची आणि चाकाची पुढची-मागची कड दोरीपासून किती लांब आहे ते मोजायचं. पुढे समोरच्या दुकानात लेसरचं मशीन आलं. गिऱ्हाइकांना छापील कागद मिळायला लागला. कागद बघून माणसाचं समाधान होतं, दोरी बघून होत नाही. काकांनी भांडण न करता दुकान बंद केलं. दोरीची गुंडाळी मात्र कायम खिशात असायची.

"मशीन चाकाचा कोन सांगतंय," ते म्हणायचे. "टायर माणूस सांगतंय. माणूस काय बोलतंय ते सोड की. टायरला इचार."

उजव्या तळव्याला ते जिवापाड जपायचे. पिशवी डाव्या हातात, बादली डाव्या हातात, कुलूपसुद्धा डाव्या हाताने. चहाचा कप उजव्या हातात धरला तर तळवा पोळतो आणि मग दोन दिवस त्याला टायर वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा कुणाच्या तरी सत्यनारायणाला त्यांनी प्रसाद डाव्या हाताने घेतला. शिरा गरम होता म्हणून. भटजींनी सगळ्यांदेखत झापलं. काकूंना हे सगळं पाठ होतं. "उजवा हात लग्नात माझ्या हातात दिला, तेवढाच," त्या म्हणायच्या. "त्यानंतर टायरला गेला तो गेलाच."

दुकान गेलं तरी काम गेलं नाही. रोज सकाळी काका गल्लीत फिरायला निघायचे आणि उभ्या गाड्यांच्या चाकांवरून हात फिरवत जायचे. काही वावगं लागलं की वायपरखाली चिठ्ठी. "पुढचं डावं दोन्ही कडांनी खाल्लंय, हवा कमी." "मागचं उजवं मधनं खाल्लंय, हवा जादा." कोपऱ्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांच्या मोठ्या गाडीवर एकदा चिठ्ठी होती, "पुढचं बाहेरनं खाल्लंय. वळणावर दमानं. घरात पोरं हाईत." डॉक्टर चिठ्ठी नाचवत आले. गाडी कंपनीत सर्व्हिसिंगला जाते, तुम्ही हात लावायचं कारण नाही, वगैरे. काका शांतपणे ऐकत होते. डॉक्टर दमल्यावर म्हणाले, "गड्या, टायर कंपनीत झिजत न्हाय. तू झिजवतूस."

समोरच्या मंगल कार्यालयातून एकदा नवरा-नवरीची फुलांनी सजवलेली गाडी निघत होती. काका तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मागचं एक टायर साफ गोटा झालंय, स्टेपनी लावल्याशिवाय गाडी जाऊ देणार नाही. वऱ्हाडातली माणसं अंगावर आली, कुणीतरी त्यांना वेडं म्हणालं. शेवटी नवरदेवच फेटा सावरत खाली बसला आणि त्याने चाक बदललं. नवरी गाडीत बसून हसत होती. गाडी गेली, सुखरूप पोचली. म्हणजे काका बरोबर होते की चूक, ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं हेच झालं. त्यांचं ऐकलं तर काही घडायचं नाही, आणि काही घडलं नाही म्हणून लोक त्यांना हसायचे.

सगळ्यात जास्त ते आतल्या कडेबद्दल बोलायचे. टायरची बाहेरची कड येता-जाता दिसते. आतली कड गाडीच्या पोटाखाली असते, तिथे कुणी डोकावत नाही. चाक किंचित वाकडं झालं की टायर आतूनच झिजत जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं टायर नवंकोरं आहे. "भाईरची कड जगाला दिसती," काका म्हणायचे. "गाडी मारती ती आतली."

मी त्यांच्याकडे राहायला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा उजवा हात बधिर व्हायला लागला. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग तळवा गेला. पान्यावर काढलेली तीस वर्षं. मनगटातली शीर दबली आहे, असं त्याच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ऑपरेशन सुचवलं. काका तयार होईनात. "कापून बी हात आला न्हाय तर? आता निम्मा तरी हाय की."

निम्माही नव्हता. सकाळी ते चाकामागे हात घालून बसून राहायचे आणि काही न बोलता उठायचे. डावा हात वापरा, असं मी सुचवलं. "त्याला काय कळतंय? त्यानं नुस्त्या बादल्या उचलल्यात," म्हणाले. चिठ्ठ्या बंद झाल्या. आठ दिवस त्यांनी जेवण नीट केलं नाही. मग एका सकाळी वर येऊन माझ्या दारात उभे राहिले. "गड्या, जरा हात दे की तुझा."

तेव्हापासून मी त्यांचा हात झालो. क्लासला जायच्या आधी अर्धा तास आम्ही गल्लीत फिरायचो. ते वाकून उभे, मी उकिडवा.

"काय लागतंय?"

"गुळगुळीत आहे."

"आता उलटा फिरव."

"आता बोचतंय."

"मग चाक आत बघतंय. लिही चिठ्ठी."

चिठ्ठीसुद्धा मीच लिहायचो. लोक माझ्याकडे बघून हसायचे, क्लासमधली पोरंही हसली असतील. पण त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी होत्या. कुणीतरी माझ्या शब्दावर पुढचं पाऊल टाकतंय, ही गोष्ट मला नवीन होती. वर्गात सत्तर पोरांपुढे उभं राहूनही मला ती कधी मिळाली नव्हती.

त्याच हिवाळ्यात मी जुनी गाडी घेतली. क्लासने गारगोटीला शाखा काढली होती आणि दर रविवारी मला तिकडे जावं लागायचं. गाडी दारात आली तेव्हा काकांनी पेढ्याला हात लावला नाही. आधी मला चाकामागे हात घालायला लावला. मागच्या दोन्ही टायरांची आतली कड खरखरीत लागली, एके ठिकाणी तर तारेचं टोक बोटाला टोचलं.

"मागनं कुठंतरी आदळलीया ही," काका म्हणाले. "ॲक्सल वाकलाय. त्यो सरळ करून घे आणि नवीन दोन टायर मागं टाक. पुढं न्हाय, मागं. पुढचं रस्त्यावरनं सुटलं तर गाडी सरळ जाती, तुला कळतंय, पाय काढतूस. मागचं सुटलं तर कळंस्तवर गाडी फिरलेली असती. कोरड्या रस्त्याला काय व्हत न्हाय. पावसात बघ."

मी टायरच्या दुकानात गेलो. नवीन टायर मागे टाका म्हटल्यावर दुकानातला माणूस हसायला लागला. "सर, इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ब्रेक जास्त पुढं. नवीन टायर मागं कोण टाकतंय? कुणी सांगितलं?" बाजूला चहा पीत उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. घरमालकाने सांगितलं, असं म्हणायची मला लाज वाटली. गणिताचा मास्तर मी, मला पटलंही लगेच. नवीन टायर पुढे बसली, पुढची मागे गेली. ॲक्सलला पूर्ण दिवस गाडी सोडावी लागेल म्हणाले. ते नंतर बघू म्हटलं.

घरी आलो तर काका पायरीवर वाट बघत बसलेले. "टाकलंस मागं? ॲक्सल?"

"सगळं केलं, काका. तुम्ही सांगितलं तसं."

इतकं सहज तोंडातून गेलं. वाद कशाला, एवढाच विचार होता. वाकून बघितलं असतं तर त्यांना नव्या टायरचा काळेपणाही दिसला असता. त्यांनी बघितलं नाही. "शाणा हाईस," म्हणाले आणि आत जाऊन पेढा खाल्ला.

त्यानंतर गल्लीतली एकेक गाडी आम्ही बघायचो, पण माझ्या गाडीपाशी आलो की काका न थांबता पुढे जायचे. "तुझी तूच बघतूस की." वाकलेला ॲक्सल आपलं काम करत होता. उन्हाळ्याच्या शेवटी मी एकदा एकट्यानेच मागच्या चाकामागे हात घातला. कड खरखरीत व्हायला लागली होती. मी हात काढून घेतला आणि साबणाने धुतला. बाहेरून टायर झकास दिसत होतं.

श्रावणातला रविवार. काकूंचं माहेर गारगोटीचं, भावाच्या नातवाचं बारसं होतं. "मी येतो की तुझ्यासंगं," काकू आदल्या दिवशी म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायकांसारखं त्या मी येतो, मी जातो असंच म्हणायच्या. सकाळपासून भुरभुर चालू होती. काकू नवी साडी नेसून, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. काका छत्री धरून गाडीपाशी आले.

"काकू बसलीया. एकदा हात घाल मागं."

मी गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसलो. हात आत घातला. तारा लागल्या. एक नाही, ओळीने लागल्या. काका माझ्यावर छत्री धरून उभे होते, स्वतः भिजत होते.

"काय लागतंय?"

गारगोटीला अकरा वाजता वर्ग होता. पण ते कारण नव्हतं. खरं सांगितलं असतं तर सहा-सात महिन्यांपूर्वीचं खोटं तिथे, त्या ओल्या रस्त्यावर, काकूंसमोर उघडं पडलं असतं. म्हटलं, हळू चालवीन. आजचा दिवस काढू, उद्या बदलून टाकू.

"चांगलं आहे, काका."

"उलटा फिरवलास?"

"फिरवला."

त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

मी खरोखर हळू चालवत होतो. गारगोटी सात-आठ किलोमीटरवर राहिली असेल. उजवीकडचं वळण, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला शेतातला चिखल, वर पाऊस. काकू बाळाचं नाव काय ठेवणार ते सांगत होत्या. मी स्टेअरिंग फिरवलं. पुढची नवी चाकं मी सांगितलं तिकडे वळली, मागची आली नाहीत. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं, कळेपर्यंत गाडी फिरलेली होती. डावी बाजू झाडावर गेली. मला कपाळावर खरचटलं, तेवढंच. काकूंचा डावा पाय मांडीपासून चेंगरला होता आणि त्या मलाच विचारत होत्या, "तुला लागलं न्हाय न्हवं?"

चिखल होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. काकूंचे भाऊ म्हणाले, त्या वळणाला असंच होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. काकू म्हणाल्या, पोराची काय चूक. कुणीही मला एकसुद्धा वाकडा प्रश्न विचारला नाही, आणि प्रत्येकाच्या चांगुलपणाने मी आणखी खाली जात होतो.

चौथ्या दिवशी मी मोडलेली गाडी बघायला गॅरेजात गेलो. तिथला मिस्त्री म्हणाला, "तुमचं घरमालक येऊन गेलं काल. मागच्या चाकापाशी फतकल मारून बसलं हुतं, आत डावा हात घालून. लई वेळ बसलं."

तिथून मी तसाच दवाखान्यात गेलो. काका काकूंच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी समोर उभा राहिलो. आता बोलतील, ओरडतील, कानाखाली मारतील, काहीही करोत. त्यांनी वर बघितलं आणि बाकावर थोडं सरकून जागा करून दिली.

"बसा की, पावणं," ते म्हणाले. "दमला असशीला."

त्यानंतर दीड वर्ष मी त्या घरात राहिलो. का राहिलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. निघून गेलो असतो तर सुटल्यासारखं झालं असतं, आणि सुटायची माझी लायकी नव्हती. काका माझ्याशी वाईट वागले नाहीत. दिवाळीचा फराळ वर यायचा. पाण्याची मोटर लावायच्या आधी ते हाक मारायचे, "पावणं, बादल्या भरून घ्या." सगळं आदराने, अहो-जाहो करून. गल्लीत सकाळचं फिरणं बंद झालं. एकदा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीच विचारलं, काका, हल्ली आमच्या गाडीवर चिठ्ठी नाही? काका म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि पुढे गेले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी नजर चुकवली.

काकू हळूहळू चालायला लागल्या. डावा पाय दोन बोटं तोकडा झाला होता, पाऊल आत मुडपून पडायचं. सकाळी त्या अंगणात फेऱ्या मारायच्या तेव्हा वर माझ्या खोलीत ते ऐकू यायचं. एक पाऊल पडायचं, एक घासत यायचं. पोरांना त्रिकोणमिती शिकवताना मधेच मला तो आवाज आठवायचा आणि फळ्यावरचा हात थांबायचा.

शेवटी क्लासने माझी दुसऱ्या गावी बदली केली आणि मी खोली सोडली. सामान टेम्पोत भरून झालं, किल्ली द्यायला खाली आलो. काका पायरीवर बसले होते. मांडीवर काकूंच्या चपला उलट्या ठेवलेल्या, आणि एका चपलेच्या तळावरून ते डावा तळवा फिरवत होते. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. डाव्या हाताला ते शिकवत होते. किती दिवस हे चाललं होतं कुणास ठाऊक.

माझ्या हातात किल्ली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काका, त्या दिवशी माझ्या हाताला तारा लागल्या होत्या."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

"नवीन टायर मी पुढेच टाकली होती. ॲक्सल केलाच नव्हता."

"त्ये बी म्हाईत हाय."

आतून काकूंचा तो घासत येणारा पाय ऐकू येत होता. काकांनी दोन्ही चपला माझ्यापुढे धरल्या.

"हात लावा. काय लागतंय सांगा."

मी पायरीखाली उकिडवा बसलो. उजव्या चपलेचा तळ जवळजवळ नवा होता. डाव्या चपलेवरून बाहेरून आत हात फिरवला. मग न सांगता उलटाही फिरवला. बाहेरची कड जाड होती, आणि आतली कड टाचेपाशी पार संपली होती. रबर जाऊन खालचं कापड हाताला लागत होतं.

"डावी आतून खाल्लीय," मी म्हणालो.

त्यांनी चपला माझ्या हातातून काढून घेतल्या, किल्ली घेतली आणि पायरीला हात टेकून उठले.

"आत्ता खरं सांगितलंसा, पावणं," म्हणाले आणि काकूंच्या चपला घेऊन आत गेले.